फॅमिलियरला मराठीत काय म्हणावं?

तापीकाठ: जळगावात आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे पात्रं घेऊन काल्पनिक साहसं खेळायच्या खेळाचा, गट आहे. नव्या पोरांसाठी पाचव्या आवृत्तीचे २०१४चे नियम मराठीत लिहितोय. फॅमिलियरपाशी गाडं अडलं. फॅमिलियर म्हणजे जादूगारानं मंत्रानं बोलावलेला, प्राण्याच्या रूपातला मदतनीस आत्मा. ‘पाळीव प्राणी’ लिहिलं, तर एकानं पहिल्याच लढाईत घुबड ऑर्क राक्षसाच्या अंगावर सोडलं. नियमानं ते हल्ला करूच शकत नाही. शत्रूचं लक्ष उडवून सोबत्याच्या वाराला मदत करतं, १०० फुटांच्या आत असलं तर मालकाचा स्पर्शमंत्र नेऊन पोचवतं. मेलं तर मढंसुद्धा राहत नाही. १० सुवर्णनाण्यांचा कोळसा, धूप, जडीबुटी जाळून पुन्हा बोलवायचं. शब्द सुचवा.

सातपुडा: सहचर.

अमळनेरकर: सहचर म्हटलं की लग्नपत्रिका आठवते. आपल्याकडे शब्द तयार आहे भो, सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतगडी! मालकाचं ऐकतो, पण त्याची पाळी वेगळी. फॅमिलियरचाही इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईतल्या पाळीचा क्रम, स्वतंत्रच असतो. ऐकस बठ्ठं, पन मारत नही. मुळात लॅटिनमध्ये ‘फॅम्युलस’ म्हणजे घरचा नोकरच.

पारोळेकर: माझे आजोबा सालदार होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरायचं, रक्कम, धान्य, कपडे सगळं बोलून. तुमच्या घुबडाशी कोण बोलणी करतं? हुकूम आला की निमूट पाळायचा, एवढंच त्याच्या हातात. त्याला ‘अंकित’ म्हणा. वेताळ अंकित करतात तसं.

सातपुडा: अंकित हे विशेषण आहे. ‘माझा अंकित उडाला’ असं कोण बोलतं?

अमळनेरकर: आमच्या गल्लीत अंकित नावाची दोन पोरं आहेत, ती उडतात.

केळीबाग: एकच शब्द सगळीकडे चालवू नका. रेंजरचं, म्हणजे रानात वावरणाऱ्या लढवय्या पात्राचं, जनावर वेगळं, ते चावतं. २०१४च्या नियमांत ते रेंजरच्याच पाळीत चालायचं आणि त्याला हल्ला करायला लावायचं तर रेंजरची स्वतःची ॲक्शन, म्हणजे पाळीतली मुख्य कृती, जायची. लांडग्यानं चावा घ्यायचा म्हणून धनुष्य खाली! २०२०च्या ‘ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पूरक नियमपुस्तकात पर्यायी नियम आला, त्यात बोनस ॲक्शनवर, म्हणजे पाळीतल्या जादा छोट्या कृतीवर, भागतं. त्याला ‘जोडीदार’ शोभेल. घुबडाला नाही.

सातपुडा: ॲक्शन, बोनस ॲक्शन, इनिशिएटिव्ह सगळं तसंच ठेवायचं, मग फॅमिलियरनंच काय घोडं मारलंय?

तापीकाठ: पोरांना ‘फॅमिलियर’ म्हणजे ओळखीचा वाटतो. एकानं विचारलं, कोणाच्या ओळखीचा?

केळीबाग: मग बरोबरच आहे की. ओळखीनं कामं होतात, मारामारी होत नाही.

रावेरवाला: मधेच बोलतो. सालदाराचं साल आमच्याकडे गुढीपाडव्याला ठरायचं, आखाजीला नाही.

पारोळेकर: पाडव्याला विदर्भात. रावेर कधी गेलं विदर्भात?

रावेरवाला: आमच्या वडिलांची वही आहे, पाडव्याचीच नोंद. फोटो टाकू का?

अमळनेरकर: टाक. आणि किती पायली ज्वारी लिहिलीय तेही दिसू दे.