‘वैद्यांना व्हिजन नव्हतं’ म्हणणाऱ्यांनो, जरा इकडे या

तिखटजाळ
सकाळपासून तीन ग्रुपवर एकच मेसेज आलाय. दादर स्टेशनबाहेर 1966 साली अशोक वैद्यांनी वडापाव सुरू केला, अख्ख्या मुंबईला खायला घातला, पण ‘व्हिजन’ नसल्यामुळे गाडीवरच राहिले, आणि 2001 ला धीरज गुप्तांनी जम्बोकिंग आणि 2004 ला वेंकटेश अय्यरांनी गोली ह्या वडापावच्या दुकानसाखळ्या काढून तोच वडा देशभर विकला, मराठी माणसा जागा हो, वगैरे. खाली हात जोडलेले सहा इमोजी.

डोकं फिरलं म्हणून लिहितोय. वैद्यांकडे वडे-पोहे होते, शेजारी ऑम्लेट-पावची गाडी. एके दिवशी पावात ऑम्लेटऐवजी वडा गेला. ऐकायला फुसकं वाटतं ना? आता नुसता वडा हातात धरून बघा. चटका बसतो, बोटं तेलकट होतात, कागद लागतो, उभं राहायला जागा लागते. पाव आला आणि प्लेट गेली, बाकडं गेलं, एका हातात खाणं आणि दुसऱ्या हातात लोकलचा दांडा. ज्या माणसाला सहा मिनिटांत गाडी बदलायचीय त्याच्यासाठी ह्याहून शहाणी वस्तू कोणी बनवून दाखवा. ह्याला व्हिजन नाही म्हणायचं, मग कशाला म्हणायचं, पीपीटीला?

हिशेबनीस
तो मेसेज मीच फॉरवर्ड केलाय आणि मागे घेणार नाही. भावना बाजूला ठेवा. 1966 ते 1998, म्हणजे वैद्य वारले तोपर्यंत, 32 वर्षं होतात. आज दादरला उतरून शंभर जणांना विचारा वडापाव कोणी काढला, किती जण नाव सांगतील? गुप्ता-अय्यरांनी वडा चोरला नाही, त्याला मशीन लावलं, ठरलेलं वजन, ठरलेली चव आणि फ्रँचायझी दिली. आमच्या मामाने तीस वर्षं एक नंबर मिसळ केली, शेजाऱ्याने दोन वर्षांत चार शाखा उघडल्या आणि मामा अजून ‘चव आमचीच’ म्हणत गल्ल्यावर बसलाय. चवीने ईएमआय भरता येत नाही.

कलम_तीन
‘पेटंट का नाही घेतलं’ असं कोणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगतो. 1966 ला 1911 चा इंग्रजी कायदा होता, आपला 1970 चा. त्यातलं कलम 3 वाचा, दोन पदार्थ नुसते एकत्र केले आणि दोघांच्या गुणांची बेरीजच झाली तर तो शोध नाही. वडा अधिक पाव. कायद्याने ह्याहून स्वच्छ उदाहरण मागूनही मिळणार नाही. ट्रेडमार्क घेता आला असता, पण तो नावाचा, पदार्थाचा नाही. ‘अशोक’ वाचला असता, वडापाव तरीही सगळ्यांनी विकलाच असता.

चौपाटीचा_वारा
आणि सुधाकर म्हात्रे? त्यांचंही नाव घेतात, साधारण त्याच काळात तेही विकत होते म्हणून. तुम्ही सगळे एकाच माणसाचा पुतळा बसवायला निघालात.

तिखटजाळ
घ्या, आले. म्हात्रेंचं नाव घ्या की, अडवलंय कोणी? दोघांना एकाच वेळी सुचलं असेल तर उलट माझाच मुद्दा पक्का होतो, शहराला त्याची गरज होती.

भट्टीचाच_हवा
वैद्य झाले, म्हात्रे झाले, आता कोणीतरी पाववाल्याचंही नाव घ्या. शब्द पोर्तुगीज, बटाटाही त्यांचाच, आणि तो पाव रात्रभर जागून भाजणारा माणूस आजवर कोणत्या मेसेजमध्ये आलाय? वडापावातलं अर्धं नाव त्याचं आहे. आणि हल्ली पाव म्हणून जे मिळतं तो कापूस आहे, गोडसर, दाबला की दबलेलाच राहतो. भट्टीच्या पावाला खालून काळपट तळ असायचा, वडा दाबला तरी तो फाटायचा नाही. आता 2025 मध्ये हायकोर्टाने सांगितलं लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदला. संपलं.

कलम_तीन
संपलं काय? धूर कोणाच्या नाकात जातो? माझं घर बेकरीच्या वर होतं, आईला दमा. तुमच्या काळपट तळासाठी आम्ही अकरा वर्षं खिडकी उघडली नाही.

भट्टीचाच_हवा
दमा खरा आहे, सॉरी. पण शहरातले टॉवर बांधताना उडणारी धूळ कोणाच्या नाकात जाते तेही एकदा विचारा. तिथे सहा महिने कोणी देत नाही.

हिशेबनीस
विषय वडापावच्या माणसाचा होता. बेकरीचा वेगळा धागा काढा.

भट्टीचाच_हवा
नाही काढणार. पावाशिवाय तुमचा उद्योजक म्हणजे बटाटेवडेवाला.

गिरणगावची
मी फारशी लिहीत नाही इथे, पण ‘व्हिजन’ वाचून राहवलं नाही. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा माझे बाबा गिरणीत होते. अडीच लाख माणसं घरी बसली. आमच्या चाळीत निदान चार जणांनी वडापावची गाडी टाकली, कारण त्याला लागतं काय, कढई, स्टो आणि पहाटे उठणारी बायको. आई चार वाजता बटाटे उकडायची, गरम असतानाच सोलायची, आणि हातानेच कुस्करायची कारण बाबांना मध्येमध्ये गाठी लागायच्या. कढईत उरलेला बेसनाचा चुरा, सुकं खोबरं, लसूण आणि लाल मिरची खलबत्त्यात घालून कुटणं माझं काम. शाळेत मुली म्हणायच्या तुझ्या वहीला लसणाचा वास येतो.

आणि पाववाल्याचं म्हणाल तर आमच्याकडे सायकलवरून एक चाचा यायचे. पहिले सहा महिने त्यांनी उधारीवर पाव दिला, वहीत नुसत्या रेघा मारायचे, एक लादी एक रेघ. पैसे कधी मागितले नाहीत. ती वही अजून आहे, शेवटच्या पानावर तीन रेघा खोडायच्या राहिल्यात.

वैद्यांनी पैसे किती कमावले मला माहीत नाही. त्यांनी काढलेल्या वस्तूवर आमची दहावी झाली, भावाचा आयटीआय झाला.

हिशेबनीस
ताई, वाचून वाईट वाटलं, खरंच. पण प्रश्न तोच उरतो. एवढं चालत होतं तर बाबांनी दुसरी गाडी का नाही टाकली?

गिरणगावची
पहिलीच तीन वेळा उचलून नेली. दुसऱ्या वेळी कढई परत मिळाली, तिसऱ्या वेळी तीही नाही.

तिखटजाळ
हिशेबनीस, आता सांगा ह्या हिशेबात व्हिजन कुठल्या खान्यात लिहायचं?

हिशेबनीस
तुम्ही उगाच चेकाळू नका. माझा मुद्दा भांडवलाचा होता आणि तो अजून उभा आहे. मागे बँक उभी असती तर वैद्यही दुकानात असते, ताईंचे बाबाही. पण मान्य, मग दोष व्हिजनचा नव्हता.

चौपाटीचा_वारा
ह्याला म्हणतात माघार. म्हात्रेंचं पण लिहा त्यात.

वडा_विथ_केचप
नुकताच आलो, वरचं वाचलं नाही. पण वडापावला गोड चटणी लागतेच, हे कोणी बोललं का?

तिखटजाळ
ह्याला आधी बाहेर काढा.

भट्टीचाच_हवा
ताई, ते चाचा आहेत का अजून?

गिरणगावची
नाहीत. मुलगा आता गॅसवर भाजतो. परवाच आणला, खालून पांढराच आहे. पण दाबला तर फाटला नाही, तेवढं सांगते.

भट्टीचाच_हवा
कुठे आहे बेकरी? खासगी मेसेज करा. एकदा खाऊन बघेन, बोलणार काही नाही.

हिशेबनीस
मेसेजमधली व्हिजनची ओळ काढून तिन्ही ग्रुपवर परत टाकलाय. म्हात्रेंचं नाव घातलंय, पाववाल्याचंही एक वाक्य आहे. इमोजी ठेवलेत.