रडारवर फायबरचं नवीन कव्हर बसवलं आणि रेंज पडली – मदत हवी आहे

खाडीवारा
बोटीवरच्या रडारचं कव्हर फुटलं. त्यावरूनच मोल्ड काढून फायबरमध्ये नवीन केलं, चांगलं मजबूत. बसवल्यापासून लांबचं काही धड दिसत नाही. स्क्रीनच्या मधोमध गोल पट्टा येतो, तो गेन (रडारची संवेदनशीलता) कमी करूनही जात नाही. कव्हर काढलं की सगळं ठीक, त्यामुळे रडार तपासा असं कृपया कोणी सांगू नका. परवा बोट सोडायची आहे. काय चुकलं?

तरंगलांबी
फ्रिक्वेन्सी किती? कव्हरची जाडी किती? फायबर म्हणजे काचेचं की कार्बनचं? रेझिन कोणतं? एवढं कळल्याशिवाय जो तो अंदाजच सांगेल.

रंगकाम
रंग बघा आधी. चंदेरी किंवा मेटॅलिक रंगात धातूचं चूर्ण असतं, काळ्या-करड्या रंगात पुष्कळदा कार्बन असतो. मी दोन कव्हरं नुसता रंग खरवडून दुरुस्त केली आहेत. खरवडा, बाकीचं नंतर.

खाडीवारा
साधा पांढरा जेलकोट (फायबरवरचा रेझिनचा बाहेरचा थर) आहे, रंग मारलेलाच नाही. नेहमीचं काचेचं फायबर, पॉलिएस्टर रेझिन. रडार नेहमीचंच.

तरंगलांबी
"नेहमीचंच" म्हणजे एक्स बँड, साधारण ९.४ गिगाहर्ट्झ, असं धरतो. जाडी?

बंपरवाला
गाड्यांच्या रडारमध्ये हा प्रश्न रोज येतो. ७७ गिगाहर्ट्झला तरंगलांबी जेमतेम ३.९ मिमी असते, पॉलिप्रॉपिलीनचा बंपर त्यातल्या अर्ध्या लाटेच्या, म्हणजे १.२-१.३ मिमीच्या पटीत ठेवावा लागतो. फायबर सोडा आणि पॉलिप्रॉपिलीन वापरा.

तरंगलांबी
त्यांचं रडार ७७ चं नाही. ९.४ ला तोच हिशेब पॉलिप्रॉपिलीनसाठी साडेदहा मिमीवर जातो. एवढा जाड घुमट परवापर्यंत कुठून आणणार?

खाडीवारा
जाडी ४ मिमी. जुन्याचीही ४ च होती, व्हर्नियरने मोजून घेतली. त्यामुळे जाडीचा प्रश्न नाही.

तरंगलांबी
मला तर सगळा प्रश्न जाडीचाच दिसतो. ९.४ ला हवेतली तरंगलांबी सुमारे ३२ मिमी. काच-पॉलिएस्टरचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (आत गेल्यावर लाट किती आखडते ते यावर ठरतं) ४ च्या आसपास, म्हणून भिंतीच्या आत लाट निम्मी होते, १६ मिमी. तुमचे ४ मिमी म्हणजे बरोबर पाव लाट. पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून परत येणाऱ्या लाटा इथे एकमेकींत मिळतात, म्हणून परावर्तन सर्वांत जास्त होतं: जाताना सुमारे ३६ टक्के शक्ती परत, येताना पुन्हा तेवढीच. हातात ४१ टक्के उरते. लहान लक्ष्याची रेंज त्यामुळे साधारण पाचव्या भागाने घटते. परत आलेली शक्ती रिसीव्हरमध्ये घुसते, तोच तुमचा मधला पट्टा. १२ मिमीसारख्या याच्या विषम पटी सोडल्या, तर दुसऱ्या कुठल्याही जाडीत इतका त्रास झाला नसता.

साचेकर
हिशेब बरोबर, पण मग जुनं कव्हर ४ मिमीचं असून चालत कसं होतं? खाडीवारा, तुम्ही मोजलं कुठे?

खाडीवारा
कडेला. बोल्टच्या भोकांजवळ.

साचेकर
आणि मध्ये, अँटेनाच्या समोर?

खाडीवारा
मध्ये जाड आहे, पण तिथे आत पिवळा फोम होता. तो उष्णतेसाठी असेल असं वाटलं. फायबरच जाड केल्यावर तो कशाला लागतो म्हणून सोडून दिला.

साचेकर
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! ते सँडविच आहे. दोन पातळ कातड्या, मध्ये हलका फोम. बोल्ट आवळताना फोम चेपतो, म्हणून कडेला तो संपवून भरीव थर देतात. तुम्ही नेमकी ती कड मोजलीत. फुटका तुकडा असेल तर मधोमध कापून मोजा.

खाडीवारा
कापला. एकूण ८ मिमी. कातड्या ०.८ च्या दोन, फोम ६.४.

साचेकर
बघा. फोममधली पाव लाट साडेसात मिमीच्या आसपास, कातड्यांमुळे त्याहून थोडा कमी फोम लागतो. एका कातडीचं परावर्तन दुसरीचं खोडून काढतं. हेच पुन्हा करा. पीव्हीसी फोम घ्या. थर्मोकोल अजिबात नको, पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन तो विरघळवतं.

भरीवभिंत
सँडविच हाताने करू नका. कुठेतरी कातडी सुटते, बारीक चीर पडते, पाणी शिरतं. पाण्याने भिजलेला फोम भिंतीसारखा लाटा अडवतो. त्यापेक्षा भरीव अर्धी लाट, म्हणजे ८ मिमी; तिथे दोन्ही पृष्ठभागांवरून परत येणाऱ्या लाटा एकमेकींना खोडतात. असलेल्या ४ वर आणखी ४ चढवा. फायबरमधली हानी जाताना पाव डेसिबलच्या आसपास, म्हणजे पाच-सहा टक्के शक्ती, सोसवते.

साचेकर
दुप्पट वजन मास्टवर चढवायचं? आणि हाताने ८ मिमी सगळीकडे सारखं कोण करतं? मोल्डच्या वळणावर रेझिन साचतं, एका जागी ७ तर दुसरीकडे ९.

भरीवभिंत
सारखेपणाची अडचण फोमच्या कातड्यांनाही आहेच. भरीव भिंतीत पाणी शिरत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

रंगकाम
पांढऱ्या जेलकोटमध्येही टायटॅनियम डायऑक्साइड असतं, त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक मोठा. थर किती दिलाय?

जुनाऑपरेटर
अमेरिकेतल्या अँडोव्हरला १९६२ मध्ये टेलस्टार उपग्रहासाठी मोठं हॉर्न अँटेना होतं, त्यावर हवेच्या दाबाने फुगवलेला ६४ मीटर रुंदीचा घुमट. भिंत नुसती कापडाची. इतकी पातळ भिंत लाटेला जाणवतच नाही. पातळ ठेवा, हेच खरं.

साचेकर
तिथे आतून हवेचा दाब होता. इथे एक मिमीची नुसती कातडी लाटांच्या माऱ्यात फुटेल.

तरंगलांबी
भांडण थांबवता येईल. खाडीवारा, आत अँटेना आणि भिंतीत किती जागा आहे?

खाडीवारा
२० मिमी.

तरंगलांबी
मग आतून ४ मिमी वाढवता येतात. पण पूर्ण कव्हर करू नका. फक्त पाव घेरावर, अँटेनासमोरच्या पट्ट्यात, आधी पॉलिश पेपरने घासून थर द्या आणि वाळू द्या. मग रडार चालू करून त्या दिशेची स्क्रीन बाकीच्याशी ताडून बघा. रडारच तुम्हाला उत्तर देईल. कव्हरला हात लावताना ट्रान्समिट बंद, स्टँडबायवर.

खाडीवारा
काल रात्री दिला, आज सकाळी बघितलं. त्या पाव भागात मधला पट्टा जवळजवळ गेला. किनाऱ्यावरचा मनोरा, जो कव्हर घातल्यापासून दिसतच नव्हता, तो त्याच बाजूला ठेवला की ठळक येतो. आता उरलेला घेर करतोय. फोमचं परत आल्यावर.

एक सांगा, कडेच्या फ्लँजपर्यंत (बोल्ट लावायच्या पट्टीपर्यंत) हे थर न्यायचे की अँटेनासमोरच्या पट्ट्यापुरतेच?

साचेकर
पट्ट्यापुरतेच, वर-खाली थोडे जास्त. एकदम तोडू नका, एकेक थर मागे घेत उतार द्या. आणि वाळल्यावर आठ-दहा जागी मोजून इथे लिहा.