गोम, वाणी की पैसा? आफ्रिकेतल्या 'जोंगो'ला मराठीत काय म्हणावं

मोम्बासाला राहते. पाऊस पडला की बागेत वीत-दीड वीत लांब, बोटाएवढा जाड काळा प्राणी फिरतो. स्वाहिलीत त्याला 'जोंगो' म्हणतात, शास्त्रीय नाव आर्किस्पायरोस्ट्रेप्टस गायगास. भाचीला पुण्याला फोटो पाठवला, खाली लिहिलं 'राक्षसी गोम'. बहीण रागावली, "गोम चावते गं, पोरीला घाबरवू नकोस." मग हे आहे तरी काय?

— गोम नव्हेच. गोम चपटी, वलयाला पायांची एकच जोडी, आणि डोक्यामागची पहिली जोडी विषाच्या नांग्या झालेली. तुमचा प्राणी नळीसारखा गोल. पाय मोजून बघा: डोक्यामागचं पहिलं वलय बिनपायाचं, पुढच्या तिन्हींना एकेक जोडी, तिथून पुढे दोन-दोन. आमच्याकडे विदर्भात असल्या किड्याला 'वाणी' म्हणतात. सोयाबीन उगवलं की कोवळी रोपं कुरतडतो.

— 'वाणी' लिहिलंत तर पुण्याची भाची किराणा दुकान समजेल! पुस्तकात 'सहस्रपाद' असतं ना?

— असतं, पण मला तो शब्द कधीच पटला नाही. या जोंगोला पाय अडीचशेच्या आसपास, तेही जन्मतः नाहीत. कात टाकताना वलयं वाढतात, तसे पाय वाढतात. हजारावर पाय असलेली पहिली जात जगापुढे आली २०२१ साली, ऑस्ट्रेलियातली, १३०६ पायांची. तोवर हे नाव उधारीवरच चाललं होतं.

— 'पैसा' म्हणा की. आमच्या गावी हाच शब्द. काडीने डिवचलं की वेटोळं घालून नाण्यासारखा पडून राहतो, म्हणून पैसा. गंमत म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं 'शोंगोलोलो' हे नावही गुंडाळण्यावरूनच आलंय. पाय मोजत बसायला वेळ कोणाला? वेटोळं सगळ्यांना दिसतं.

— 'पैसा'ला माझं मत. नर-मादी कसं ओळखायचं, ते कोणी सांगेल का?

— उताणा करा आणि सातवं वलय बघा, बिनपायाचं पहिलं धरून. मादीच्या पायांची रांग सलग जाते. नराच्या तिथे चालायचे पाय नसतात, फट दिसते. ते पाय मीलनाचे अवयव होऊन आत दडलेले असतात. लहान पिल्लात मात्र हे कळत नाही. आणि हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका. वलयांच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, घाबरला की तिथून झोंबणारा रस सोडतो.

— आत्ताच मोजलं. सातव्यावर फट आहे, म्हणजे नर. फोटोखाली 'आफ्रिकी पैसा' लिहून पाठवलं. छिद्रांचं मात्र उशिरा वाचलं; अंगठ्यावर तपकिरी डाग पडलाय, दोनदा साबण लावला तरी जात नाही.