मदत हवी आहे: 'जुंटा'ची २१ जणांची स्पर्धा एका दिवसात कशी बसवावी?

सोंगटी:
नमस्कार. पुण्यात एका रविवारी 'जुंटा' या पटखेळाची स्पर्धा ठरते आहे. २१ नावं आली आहेत, तीन संच जमले आहेत, सभागृह सकाळी १० ते संध्याकाळी ६ मिळणार आहे.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: व्हिन्सेंट त्साओ यांचा १९७८ सालचा राजकीय विडंबनाचा खेळ. एका काल्पनिक लॅटिन अमेरिकी देशातलं एकेक सत्ताधारी घराणं प्रत्येक भिडूकडे असतं. परदेशी मदतीचा पैसा येतो, राष्ट्राध्यक्ष अंदाजपत्रक मांडून तो वाटतो, बाकीचे मत देतात, मारेकरी धाडतात, बंड करतात. शेवटी ज्याच्या स्विस खात्यात सर्वाधिक पैसा, तो जिंकतो.

घोडं तीन ठिकाणी अडलं आहे. एक डाव चार तासही चालतो, तो आटोक्यात कसा आणायचा? हरणारा भिडू शेवटी रागाने कुणालाही जिंकवून देतो, त्याला गुणपद्धतीतून आळा घालता येईल का? आणि एकत्र आलेल्या मित्रांची आधीच ठरलेली युती कशी मोडायची?

मु.पो.सातारा:
वेळेचा लगाम घड्याळाच्या हाती देऊ नका, परदेशी मदतीच्या नोटांच्या गड्डीच्या हाती द्या. दर फेरीत राष्ट्राध्यक्ष ८ नोटा उचलतो आणि ८ उरल्या नाहीत की खेळ संपतो. म्हणजे ४० नोटा ठेवल्या तर ५ फेऱ्या, ५६ ठेवल्या तर ७. बंड नसलेली फेरी १२ मिनिटांत होते, बंडाला वर अर्धा तास धरा. सात फेऱ्या आणि दोन बंडं मिळून १४४ मिनिटं होतात. पावणेतीन तासांचा गाळा पुरेल.

पण गड्डी नुसती छाटलीत तर दुसरीच पंचाईत होते. दर फेरीत प्रत्येक जण गुपचूप एक ठिकाण निवडतो, आणि पैसा स्विस खात्यात टाकायचा तर बँक निवडावी लागते. शेवटची फेरी कोणती हे सगळ्यांना कळलं, की हातात पैसा असलेला प्रत्येक जण बँकेतच जाणार. मारेकरी पाठवताना माणूस आणि ठिकाण दोन्ही ओळखावी लागतात, यातच तर खेळाची मजा आहे. ठिकाण आयतं मिळालं तर अंतर्गत सुरक्षा मंत्र्याने (म्हणजे मारेकरी धाडण्याचं पद असलेल्या भिडूने) फक्त सर्वांत श्रीमंत माणूस निवडायचा, झालं. म्हणून शेवट गुप्त ठेवा. पायाला ४० नोटा घ्या, पंचाने एक चिठ्ठी काढावी (० किंवा ८ किंवा १६) आणि तेवढ्या नोटा वाढवाव्यात. तिन्ही टेबलांना चिठ्ठी तीच. गड्डी उघड्यावर ठेवू नका, जाडीवरून अंदाज येतो. बंद खोक्यात ठेवून पंचानेच ८-८ नोटा द्याव्यात.

१, २ आणि ३ दशलक्षांच्या नोटांचं प्रमाण प्रत्येक टेबलावर सारखं हवं. आठ नोटांत ८ ते २४ दशलक्ष काहीही निघू शकतं आणि नेमकं किती निघालं हे राष्ट्राध्यक्षालाच ठाऊक असतं. एका गड्डीत तिनाच्या नोटा जास्त असल्या तर त्या टेबलावरच्या थापांचं गणितच बदलतं.

वाटाघाटींना वाळूचं घड्याळ लावा: अंदाजपत्रकाआधी ३ मिनिटं, मतदानाला २, ठिकाण निवडायला १. बंडात प्रत्येक चालीला दीड मिनिट. वेळेत निर्णय दिला नाही तर त्याचं सैन्य जागचं हलणार नाही. हा नियम नसेल तर आघाडीवरचा माणूस विचार करण्याच्या नावाखाली वेळ काढतो.

निशिगंध:
गुणांबद्दल. पहिला १०, दुसरा ७ अशी क्रमवारी नको. पाचव्या नंबरवर अडकलेल्याला त्यात गमावण्यासारखं काही उरत नाही, म्हणून तो सूड घेतो. त्याऐवजी वाटा मोजा: आपल्या स्विस खात्यातली रक्कम भागिले टेबलावरच्या सगळ्या स्विस खात्यांची बेरीज. एकूण ८० पैकी तुमचे २० तर २५ टक्के. मग डावाच्या शेवटच्या फेरीतही स्वतःचे दोन दशलक्ष बँकेत नेण्याला अर्थ राहतो. हातातली रोकड शून्य धरायची. स्पर्धेच्या अंतिम फेरीत तीन टेबलांचे विजेते आणि उरलेल्यांतले सर्वाधिक वाट्याचे चार, असे सात जण. अंतिम फेरीत मात्र साधा नियम, सर्वाधिक पैसा तो विजेता.

युतीसाठी एकच नियम, पण तो कडक पाळा: टेबलाबाहेरची कुठलीही देवघेव करारात आणायची नाही. "इथे मला जिंकू दे, अंतिम फेरीत तुला मंत्री करतो" असं कुणी म्हटलं तर पंचाने त्याला उठवावं. टेबलावर मात्र वचन मोडणं, खोटं बोलणं, पाठीत सुरा खुपसणं सगळं चालेल. त्याची तक्रार पंचाने ऐकूसुद्धा नये, कारण हा खेळ आहेच त्याबद्दल. अपवाद एकच. मंजूर झालेल्या अंदाजपत्रकात जाहीर केलेली रक्कम तिथल्या तिथे द्यावी लागेल.

जोडपी आणि एका गटातले मित्र आधी वेगळे बसवा, मग उरलेल्या जागांच्या चिठ्ठ्या टाका. पहिला राष्ट्राध्यक्षही चिठ्ठीनेच.

सोंगटी:
दोघांचेही आभार, गड्डीची युक्ती फारच उपयोगी आहे. आणखी दोन शंका. एक संच जुना आहे, त्याच्या नोटा पातळ झाल्यात. आणि ऐनवेळी दोघं आले नाहीत तर?

मु.पो.सातारा:
पातळ नोटा दिव्यासमोर आरपार दिसतात. तिन्ही टेबलांसाठी नव्या छापा, ३०० जीएसएमच्या जाड कागदावर, मागची बाजू सगळ्यांची एकसारखी. राजकीय पत्ते (भिडूंच्या हातात असतात ते) मात्र वेगवेगळ्या आवृत्त्यांचे एकत्र करू नका. स्विस खात्यासाठी प्रत्येकाला एक लिफाफा द्या, वर नाव, फट एवढीच की नोट आत जाईल पण बाहेर येणार नाही. शेवटी पंचानेच फोडायचा.

१९ जण आले तर ७-६-६. सातापेक्षा कमी असतील तर लष्करी पदं विभागून एकाकडे दोन येतात, त्याची पद्धत नियमपुस्तिकेत आहे. पाचाच्या खाली टेबल नेऊ नका, मतदानातली चुरस जाते. ६ आणि ७ च्या टेबलांवरचा वाटा तसाच तोलू नका, सहात सरासरी वाटा आपोआप मोठा येतो. टक्केवारीला त्या टेबलावरच्या भिडूंच्या संख्येने गुणा, मग तुलना करा.

निशिगंध:
वेळापत्रक असं ठेवा: १० ते १०:४५ नियम, १:३० पर्यंत स्पर्धेची पहिली फेरी, जेवण, २:३० ते ५:१५ अंतिम. बाद झालेल्या १४ जणांसाठी दोन टेबलं शेजारीच लावा. मेलेला भिडूसुद्धा 'जुंटा'त कायमचा बाहेर जात नाही, फक्त हातातले पत्ते आणि रोकड मारणाऱ्याला मिळते. त्यामुळे दिवसभर कुणी रिकामं बसणार नाही. अंतिम टेबलाला पंच मात्र न खेळणारा हवा.