मदत हवी आहे: लेव्हल वाढवू की स्काडूट्रीचे तुकडे शोधू?

एल्डन रिंग या व्हिडिओ गेमची २०२४ची डीएलसी (जादा भाग) 'शॅडो ऑफ द एर्डट्री' खेळतोय. मूळ गेममधल्या राडान आणि मोहग या दोन्ही बॉसना लोळवूनच आत आलो, तरी इथले साधे शिपाईसुद्धा दोन फटक्यांत आडवं करतात! मेस्मर हा इथला बॉस तर पहिल्याच उडीत भाल्यावर घेतो.

लेव्हल १५० आहे, स्काडूट्रीचे तुकडे जमवून वाढणारं स्काडूट्री ब्लेसिंग मात्र फक्त ४. या ब्लेसिंगने डीएलसीच्या भागात मार आणि बचाव दोन्ही वाढतात, हे माहीत आहे. पण तुकडे शोधत नकाशाभर भटकायचा कंटाळा येतो, मला लढाईतच मजा वाटते.

मेस्मरपुढे निदान किती ब्लेसिंग हवं? की स्टॅट्स (पात्राच्या ताकद, चपळाई वगैरेचे आकडे) बदलून देणाऱ्या रेनालाकडे जाऊन ते बदलू, मोठी ढाल आणि भाला घेऊ? सध्या दोन्ही हातांत कटाना (जपानी तलवारी) आहेत, त्या सोडवत नाहीत. स्पॉइलर चालतील.