दाढेत भरलेलं पुन्हा तुटलं, सगळ्यात मजबूत मटेरियल कोणतं?

पाऊलवाट:
आठ महिन्यांत दुसऱ्यांदा तुटलं. परवा अपॉइंटमेंट आहे. चांदी, कंपोझिट, सिमेंट यांत कोण किती दाब सोसतं? कृपया आकडे द्या, वैतागले आहे.

उंबरठा:
कोणती दाढ? खड्डा फक्त माथ्यावर आहे की बाजूची भिंतही गेली आहे?

तळ्याकाठी:
चांदीच भरा. माझी १९९८ सालची अजून जशीच्या तशी आहे.

सांजसावली:
त्या चांदीत वजनाने जवळपास निम्मा पारा असतो! युरोपियन युनियनने २०२५ पासून ती मोजके अपवाद सोडून बंद केली आहे.

तळ्याकाठी:
ती बंदी पारा पाण्यात, मातीत जातो म्हणून आहे. प्रश्न मजबुतीचा आहे.

कासव_७:
दाबाखाली चांदी साधारण ४०० मेगापास्कल (दाब मोजायचं एकक), कंपोझिट म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिन २५० ते ३५०, ग्लास आयोनोमर सिमेंट १०० ते २००. पण चावताना मटेरियल वाकतंही, आणि सिमेंट तिथेच मार खातं. चावण्याच्या पृष्ठभागावरच्या कंपोझिटला आयएसओ ४०४९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वाकताना किमान ८० मेगापास्कल सोसावे लागतात. साधं सिमेंट त्याच्या निम्म्यालाही सहसा पोचत नाही. चांदी दाताला चिकटत नाही, खाचेत अडकून बसते. त्यासाठी कधी कधी चांगला दातही कोरावा लागतो.

रानवारा:
विजेवरचा ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट वापरा. माझी कीड तिथेच थांबली.

पाऊलवाट:
ब्रशचं विचारलं नाहीये हो. खालची दाढ, शेवटून दुसरी. पुढच्या दाताकडची भिंत गेली आहे. दोन्ही वेळा पांढरं भरलं होतं. रूट कॅनाल गेल्या वर्षी झालं, कॅप नंतर बघू म्हटलं होतं.

उंबरठा:
रूट कॅनाल झालंय हे आधी सांगायला हवं होतं, सगळं उत्तरच बदलतं. आत शिरायला दाढेचं छत कोरलेलं, त्यात एक भिंत नाही. उरलेल्या भिंती प्रत्येक चावण्याला बाहेर फाकतात. आत काहीही भरा, त्यांना बाहेरून बांधून ठेवणारं काही नाही.

कासव_७:
पांढरं म्हणजे नक्की काय? भरल्यावर निळा लाइट मारला होता का?

पाऊलवाट:
नाही. पावडर आणि लिक्विड कालवून भरलं, थोडा वेळ तोंड उघडं ठेवायला सांगितलं.

कासव_७:
मग ते सिमेंट. कंपोझिट असतं तर थराथराने, साधारण २ मिलिमीटरचा एकेक थर लाइटने कडक केला असता. भिंत गेलेल्या दाढेत सिमेंट फार तर तात्पुरतं.

तळ्याकाठी:
म्हणूनच म्हणतो, चांदी.

उंबरठा:
चांदी टिकेल हो, पण शेजारची भिंत चिरली तर? चीर हिरडीखाली खोल गेली की दाढ वाचवणं कठीण होतं, बहुतेक वेळा काढावीच लागते. आत कंपोझिटचा भराव आणि वर सगळे उंचवटे झाकणारी कॅप, हेच विचारा. परवापर्यंत त्या बाजूने अजिबात चावू नका.

पाऊलवाट:
कॅपचंच विचारते. जुने एक्स-रे नेऊ का?

उंबरठा:
हो, रूट कॅनालच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही.