व्हल्नरेबिलिटीला मराठीत काय म्हणता? (दुर्बलता नको)

शब्दहमाल
अडलोय. ग्रामीण वस्त्यांची सोशल व्हल्नरेबिलिटी (संकटाचा धक्का कोणाला किती बसेल आणि सावरता येईल का) कशी मोजायची यावरची सर्वेक्षकांची पुस्तिका मराठीत करतोय. सगळीकडे 'सामाजिक असुरक्षितता' लिहून मोकळा झालो होतो, पण पुढे एकाच वाक्यात इनसिक्युरिटी आणि व्हल्नरेबिलिटी शेजारी शेजारी आले आणि माझं वाक्य झालं "असुरक्षितता आणि असुरक्षितता". मग 'दुर्बलता' केलं, तर संपादकांनी परत पाठवलं, म्हणे हे गरिबीबद्दल वाटतंय. सुचवा काहीतरी.

वेलांटी
भेद्यता. अभेद्य सगळ्यांना कळतं, मग भेद्य का नाही कळणार?

शब्दहमाल
कळतं हो, पण किल्ला डोळ्यासमोर येतो. म्हातारी एकटी राहते, तिला भेद्य म्हणायचं?

जुना मुद्रितशोधक
तुमच्या संपादकांचं बरोबर आहे. विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८९ मध्येच हा फरक मांडलाय, की गरिबी म्हणजे कमतरता, आणि व्हल्नरेबिलिटी म्हणजे धक्का बसण्याची शक्यता आणि तो बसला तर सावरायला हाताशी काही नसणं. दोन्ही एकच नाही. कर्ज काढून धंदा वाढवणारा कमाईत वर जातो पण एका धक्क्यात कोसळू शकतो, म्हणजे गरिबी कमी झाली आणि व्हल्नरेबिलिटी वाढली. दुर्बल म्हटलं की हा माणूस यादीतून सुटतो.

कोरी पाटी
'संवेदनशील' का नको? पेपरात रोज असतं.

जुना मुद्रितशोधक
अहो, तिथेच तर गोची आहे! हवामानबदलाच्या आंतरसरकारी समितीच्या २००७ च्या अहवालात व्हल्नरेबिलिटीचे तीन भाग आहेत: धोक्याच्या तोंडी किती, संवेदनशीलता किती, जुळवून घ्यायची ताकद किती. भागाचंच नाव अख्ख्याला दिलंत तर तक्ता कसा वाचणार? त्यात २०१४ च्या अहवालात 'धोक्याच्या तोंडी असणं' व्याख्येतून काढून वेगळं ठेवलं, म्हणजे मूळवाल्यांचंच ठरत नाहीये.

अर्धविराम
लॅटिनमध्ये वुल्नुस म्हणजे जखम. आपला 'व्रण' त्याचाच भाऊ असणार, कान देऊन ऐका. म्हणून माझं मत 'व्रणशीलता'.

वेलांटी
कान देऊन ऐकलं की सगळेच शब्द भाऊ लागतात. आणि व्रणशीलता हे त्वचारोगाचं नाव वाटतंय.

अर्धविराम
बरं मग 'आघातक्षमता' घ्या.

वेलांटी
ती मारणाऱ्याची झाली ना, मार खाणाऱ्याची कुठे! आघातप्रवण म्हणा. अवर्षणप्रवण आहेच. प्रवण म्हणजे मुळात उताराचं, पाणी जसं उताराकडे धावतं तशी आपत्ती त्या घराकडे धावते. यापेक्षा चांगलं चित्र सापडणार नाही.

कोरी पाटी
चित्र छान आहे पण प्रश्न विचारताना कोण बोलणार हे? मी असं सर्वेक्षण केलंय, दारात उभं राहून "तुम्ही आघातप्रवण आहात का" विचारलं तर लोक दार लावतील. तिथे साधं "झळ किती लागते, सावरायला किती दिवस जातात" विचारावं लागतं. 'घर उघड्यावर पडलं' हे आपल्याकडे आहेच की, त्यात सगळं आलं.

वेलांटी
उघड्यावर पडणं हा परिणाम झाला, घटना. आपल्याला घडण्याआधीची अवस्था हवीय. बोलीतलं सगळंच गोड नसतं, परिभाषेला काटेकोरपणा लागतो.

कोरी पाटी
काटेकोर शब्द आणि ढोबळ आकडे, काय उपयोग? व्हल्नरेबिलिटी मोजणारा २००३ चा अमेरिकेतला निर्देशांक घ्या, ४२ चलं (वय, उत्पन्न अशा मोजायच्या बाबी) घेतली, त्यांचे ११ घटक काढले आणि बेरीज करताना सगळ्यांना सारखंच वजन. तेही काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या, पातळीवर. सरासरीत कडेची वस्ती दिसतच नाही. त्यापेक्षा मोझांबिकमधल्या दोन जिल्ह्यांचा २००९ चा अभ्यास घरोघरी जाऊन केलेला. त्यात शेतीतले उद्योग मोजून एक मिळवायचा आणि एकाला त्याने भागायचं. एकच उद्योग असेल तर ०.५०, तीन असतील तर ०.२५. आकडा मोठा तितकं घर कच्चं. कोणाकडून किती उसने घेतले आणि कोणाला किती दिले हेही विचारतात, मला ते फार आवडलं, कारण उसने मागायला कोणीच नसणं ही गोष्ट उत्पन्नाच्या रकान्यात येत नाही.

अर्धविराम
निर्देशांक नाही, सूचकांक.

जुना मुद्रितशोधक
निर्देशांकच. सूचकांक हिंदीतून आलाय.

अर्धविराम
दोन्ही संस्कृतच, त्यात हिंदी कुठून आली? मग 'सर्वेक्षण'ही टाका, 'पाहणी' म्हणा.

जुना मुद्रितशोधक
म्हणतोच मी. पूर्वी पाहणीच म्हणायचो, त्यावेळी कोणाचं अडलं नाही.

कोरी पाटी
पाहणी म्हणजे साहेब गाडीतून उतरून बघतात ती 😄

शब्दहमाल
मंडळी, मूळ प्रश्न? सध्या 'आघातप्रवणता' टाकून बघतोय, पहिल्या वापराच्या जागी एक ओळ समजावून. पण सर्वेक्षकाने दारात काय म्हणायचं ते पान अजून कोरंच आहे.

अर्धविराम
त्या पानावर 'पाहणी' लिहू नका फक्त.

वेलांटी
आणि शोधा-बदला करताना जपून. मी एकदा प्रवणचं प्रणव केलं होतं, अख्ख्या अहवालात गावं पूरप्रणव झाली.